फेंगड्या पायांचं पिल्लू

कुक्कुटपालनाच्या कारखान्यातली नोकरी संपली त्या दिवशी बुरुलनं आपले गमबूट फाटकाबाहेरच काढून ठेवले आणि घरच्या चपला घालून गावाकडच्या गाडीत बसली. बूट पुढे कुणी नेले, तिला ठाऊक नाही. घरी आल्यावर नवऱ्याला ती म्हणाली, "कोंबडी खावीशी वाटली तर साफ करून आणा, मी पातेलं चढवीन. पण जिवंत पिल्लू म्हणून ह्या हातांत पुन्हा धरायचं नाही."

तुर्दुबेक बरं म्हणाला. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, कमी बोलायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. पण आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, गाडी बंद झाली होती आणि दिवस सरता सरत नव्हता. दोन वर्षं त्यानं दम धरला. तिसऱ्या वसंतात तो तोकमोकच्या बाजारात कांद्याचं बी आणायला म्हणून गेला आणि बगलेत अंडी उबवायची पेटी घेऊन परत आला. कांद्याचं बी विसरला.

"हे काय?" बुरुलनं दारातच विचारलं.

"पेटी. आपोआप गरम होते. काही करावं लागत नाही."

"कुणाला काही करावं लागत नाही?"

"तुला. तू बघायचंसुद्धा नाहीस. माझी पिल्लं, मी सांभाळणार."

"बघणार नाहीच आहे मी," बुरुल म्हणाली आणि गाय बांधायला निघून गेली.

शेजारच्या काकीशकडून त्यानं तीस अंडी आणली. एकवीस दिवस तो त्या पेटीपाशी चहाचा प्याला घेऊन असा बसला, जणू स्वतःच ती उबवतो आहे. एकोणीस पिल्लं निघाली. त्यानं ती चहाच्या खोक्यात घातली, तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं, वर दिवा टांगला आणि खोकं पडवीत ठेवलं. दिवसातून दहा वेळा मोजायचा. डोळ्यांमुळे कधी अठरा भरायची, कधी वीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुल धार काढून पडवीतून चालली होती. बादली जड, गुडघ्यामागच्या फुगलेल्या शिरा सकाळपासूनच ठणकत होत्या. खोक्याकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं. पण बत्तीस वर्षांची सवय ठरवण्याला जुमानत नाही. एका नजरेत तिला दिसलं. कोपऱ्यातलं एक पिल्लू पोटावर पडलेलं, दोन्ही पाय दोन दिशांना, गोठलेल्या तळ्यावर घसरून पडलेल्या माणसासारखे. उठायला बघत होतं आणि जितकं बघत होतं तितकं आणखी फाकत होतं.

ती थांबली नाही. दूध गाळायला आत गेली.

एकोणिसाव्या वर्षी ती डोंगरातल्या गावातून खाली, ह्या सपाटीवर आली होती. घरात भावंडं सात, मेंढ्या थोड्या, आणि कारखान्यात मुली हव्या होत्या. पहिल्याच दिवशी तिला उबवणी विभागात उभं केलं. तिथली मुकादमीण क्लावदिया नावाची रशियन बाई होती, मनगटं एवढी जाड की घड्याळ बसत नसे. ती म्हणाली, "मुली, तीन गोष्टी बघायच्या. डोळे, बेंबी, पाय. चांगलं असेल तर पट्ट्यावर. नसेल तर डावीकडे." डावीकडे लोखंडी पिंप होतं. बुरुलनं विचारलं, "आणि शंका असेल तर?" क्लावदिया म्हणाली, "शंका असेल तर डावीकडे. आणि दुसऱ्यांदा बघायचं नाही. दुसऱ्यांदा बघितलं की हात अडतो. हात अडला की मागे रांग लागते."

पहिला आठवडा ती रडली. दुसऱ्या आठवड्यात पाय इतके दुखायला लागले की रडणं सुचेना. महिन्याभरानं तिच्या बोटांना नजरेच्या आधी कळायला लागलं. पिल्लू उचललं की अंगठा आपोआप मांडीवरून घोट्याकडे जायचा, आणि घोटा नीट नसला तर हात डावीकडे वळलेला असायचा, तिनं ठरवायच्या आधीच. मधे एकदा जुना देश मोडून नवा झाला, कारखाना चार वर्षं कुलूपबंद पडला, मग नवा मालक आला आणि पुन्हा तोच पट्टा, तेच पिंप. बुरुल पुन्हा तिथेच उभी राहिली. तिच्याइतका वेगवान हात दुसरा नव्हता. साहेब लोक पाहुण्यांना आणून दाखवत.

घरी ती ह्यातलं काही बोलत नसे. घरी येईपर्यंत बोलण्याइतका जीवच अंगात उरत नसे.

तर त्या सकाळी तिनं दूध गाळलं, चुलीवर ठेवलं, पीठ मळलं. पडवीत तुर्दुबेकची खुडबूड चालू होती. दुपारी तो आत आला आणि म्हणाला, "एकाचे पाय फाकलेत गं."

"हं."

"काय करतात अशा वेळी?"

"मला काय विचारता? तुमची पिल्लं ना?"

तो पडवीत परत गेला. संध्याकाळी तिला दिसलं, की त्यानं वायरीवर गुंडाळायची काळी चिकटपट्टी घेतली आहे आणि कात्री शोधतो आहे. कात्री त्याच्या समोरच होती. तिनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिच्यानं राहवलं नाही. पिल्लू आडवं पडून एकसारखं, चिरक्या आवाजात ओरडत होतं. हा आवाज तिला चांगला माहीत होता, भुकेचा नव्हता तो. तिनं खोक्यात हात घातला. तुर्दुबेकनं दोन्ही पाय एकत्र करून सरपणाची मोळी बांधावी तसे करकचून बांधले होते. बोटं जांभळी पडली होती.

"अहो!" ती ओरडली. "इकडे या. हे काय केलंत?"

"जवळ आणले पाय."

"जवळ आणले? बकरी नेताय का खाटकाकडे? रक्त थांबलंय त्याचं. आणि हे खाली काय घातलंय? वर्तमानपत्र? गुळगुळीत कागदावर ठेवतं का कुणी? बाकीच्यांचे पाय फाकले नाहीत हेच नशीब!"

"मला कुठे माहीत?" तो म्हणाला. "तू सांगितलंस का?"

बुरुलनं पिल्लू खोक्यातून उचललं. ती पायरीवर बसली, बोटाला तेल लावून ती काळी पट्टी हळूहळू सोडवू लागली. पिल्लाचं काळीज तिच्या तळव्यावर टकटक वाजत होतं. पट्टी निघाली. तिचा अंगठा मांडीवरून घोट्याकडे गेला. मागची शीर आपल्या खाचेत होती, सरकलेली नव्हती. हाड पिळलेलं नव्हतं. नुसते पाय फाकले होते, आणि तेही दोनच दिवसांपूर्वी.

"होईल," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आतून मलमपट्टीचं कापड आणा. पांढरं. कपाटात, मीठ ठेवते त्याच्या मागे. आणि लोकरीच्या जुन्या नमद्याचा तुकडा, दाराशी पाय पुसायला टाकलाय तो नाही, स्वच्छ."

तिनं कापडाची करंगळीहून बारीक पट्टी कापली, दोन्ही पायांना सैल कडी केली आणि मधे बोटभर अंतर ठेवलं. पिल्लू उभं राहिलं तर पाय जिथे असायला हवेत तेवढंच. मग चहाचा एक प्याला घेतला, त्यात चिंधी कोंबली आणि पिल्लाला त्यात बसवलं. प्याल्याच्या भिंतींमुळे पाय पोटाखालीच राहिले. डोकं तेवढं वर. तुर्दुबेक वाकून, डोळे बारीक करून बघत राहिला.

"हमामात न्हायला बसलंय जणू," तो म्हणाला.

"माझा चांगला प्याला गेला," बुरुल म्हणाली.

तिथून पुढे काम तिच्यावरच आलं, जसं त्या घरातलं प्रत्येक काम शेवटी तिच्यावर येई. दर दोन तासांनी उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर घेऊन चोचीशी धरायचा. साखरपाण्याचे थेंब. मग प्याल्यातून काढून नमद्यावर उभं करायचं, दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा आणि दहापर्यंत मोजायचं. पिल्लू तीनला कोसळायचं. पुन्हा. ह्याच आठवड्यात भिंतींना चुना द्यायचा होता, दुसरी गाय व्यायला आली होती, आणि कांद्याचं बी शेवटी तिनंच जाऊन आणलं होतं, त्याचे वाफे करायचे होते. वाफ्यातून उठायची, हात धुवायची, पडवीत यायची, पायरीवर बसायची. बसलं की उठवत नसे. पाय आता तिचं ऐकत नव्हते, आणि ती दुसऱ्याच्या पायांना उभं राहायला शिकवत होती.

तुर्दुबेक शेजारी बसून असे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विचारलं, "कारखान्यात असं निघालं की काय करायचात?"

बुरुल मोजत होती. सातवर पिल्लू पडलं. तिनं त्याला पुन्हा उभं केलं.

"पिंपात टाकायचो."

"पिंपात? मग?"

"मग झाकण. पाळी संपली की एक माणूस पिंप घेऊन जायचा. दुसरं आणून ठेवायचा."

"जिवंत?"

"टाकताना जिवंतच."

 अडतीस वर्षं त्यानं ह्या बाईच्या हातचं खाल्लं होतं. ती कारखान्यात 'पिल्लं निवडते' एवढं त्याला ठाऊक होतं, आणि निवडते म्हणजे तांदूळ निवडतात तसं काहीतरी, असं त्यानं धरून चाललं होतं.

"किती टाकली असतील गं?" शेवटी त्यानं विचारलं.

"मोजली नाहीत."

"ह्याच्यासारखी, बरी होण्याजोगी, त्यात होती?"

"बरीच," बुरुल म्हणाली. "दोन दिवस कोणी दिले असते तर बरीच झाली असती. द्यायचे कोणी? धरा आता, माझी कंबर भरून आलीय. असं नाही, बोटं खाली. मोजा."

तो मोजू लागला. 

रविवारी त्यांची मुलगी आली. पेरीझात पस्तीस वर्षांची, दोन मुलींची आई. राजधानीत एका शिवणाच्या कारखान्यात ती कपडे बेतायचं काम करी आणि दर रविवारी आईकडे येई, बहुतेक वेळा एकटीच. मिनीबसमधून उतरून गल्लीतून येताना ती लांबूनच ओळखू येई, कारण दर पावलाला तिचा उजवा खांदा थोडा खाली जाई.

ती चालायला लागली तेव्हा, चौदा महिन्यांची असताना, घरच्यांनी बघितलं की पोर एका बाजूला कलते. डॉक्टर म्हणाला, कमरेचा सांधा जन्मापासून निखळलेला, त्यात पाळण्यात पाय सरळ करून घट्ट बांधत आलात, उशीर झाला. आठ महिने तिला प्लास्टरमध्ये ठेवलं, दोन्ही पाय बेडकासारखे फाकवून. दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, लंगडणं राहिलं. बुरुलची सासू मरेपर्यंत म्हणत होती, "चालायला लागली तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तर!"

त्या रविवारी तुर्दुबेक शेजारच्या गावात कुणाच्या तरी वर्षश्राद्धाच्या जेवणाला गेला होता. मायलेकी पडवीत बसल्या. पिल्लू वाढलं होतं, कड्या घट्ट व्हायला लागल्या होत्या, बदलायच्या होत्या.

"आपा, हे धरू का मी?" पेरीझातनं विचारलं. आईला ती आपा म्हणे. "तू काप."

तिनं पिल्लू ओंजळीत घेतलं. बुरुल कापड कापायला लागली, तेव्हा पेरीझात म्हणाली, "थांब, माझ्याकडे मऊ इलॅस्टिक आहे, बाळांच्या बाह्यांना लावतो ते. पिशवीत बघ. पायाला काचणार नाही."

इलॅस्टिक खरंच चांगलं होतं. बुरुलनं माप घेतलं. पेरीझात पिल्लाकडे बघून हसली.

"गंमत आहे. माझे फाकवून ठेवले होते, ह्याचे जवळ आणून ठेवायचे."

बुरुल हसली नाही. कात्री तिनं मांडीवर ठेवली. आज सांगायचं, असं काही ठरवून ती बसली नव्हती. पण गेले चार दिवस अंगठा त्या घोट्यावरून फिरत होता, आणि तो फिरला की दरवेळी एक जुनी गोष्ट वर येत होती, आणि ती पुन्हा खाली ढकलायची ताकद आता तिच्यात राहिली नव्हती.

"तू तीन महिन्यांची होतीस," ती म्हणाली. "मी तुला टबात न्हाऊ घालत होते. उजवी मांडी धरली, आणि अंगठ्याखाली कट् झालं."

"म्हणजे?"

"सांधा सरकला. मांडीवर एक घडी जास्त होती. मला कळलं."

पेरीझात तिच्याकडे बघत राहिली.

"काय कळलं, आपा?"

"पाय चांगला नाही हे. दिवसाला हजारो पाय ह्या बोटांखालून जायचे. मला नाही कळणार तर कुणाला?"

"चालायला लागले तेव्हा कळलं ना? आजी तर..."

"तिला तेव्हा कळलं. सगळ्यांना तेव्हा कळलं."

"आणि तू काय केलंस?"

"तुला पुसलं. दुपट्यात गुंडाळलं. पाळण्यात बांधलं."

पडवीत पिल्लांची चिवचिव चालू होती. पेरीझातनं ओंजळीतलं पिल्लू सावकाश प्याल्यात ठेवलं.

"अकरा महिने?" ती म्हणाली.

"अकरा महिने."

"का?"

बुरुलनं रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. "कारखान्यात असं बोटांना कळलं की पुढचं ठरलेलं असायचं. कळणं आणि टाकणं, मधे काही नसायचं. मला वाटलं, मी बोललेच नाही तर ते नसेलच. रोज वाटायचं, आज बघावं, पुन्हा हात लावून बघावं. आणि मी बघायचे नाही. तुझी आंघोळ मी तुझ्या आजीकडे दिली. आठवड्याच्या आत पुन्हा कामावर रुजू झाले."

पेरीझात उठली. दर पावलाला खांदा खाली टाकत ती अंगणातून मागे गेली, कांद्याच्या वाफ्यांच्या पलीकडे, पाटाच्या कडेला. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं होतं, पाट काठोकाठ गढूळ वाहत होता. ती तिथे पाठमोरी उभी राहिली.

बुरुलला तिच्यामागे जावंसं वाटलं, पण पाय उचलले नाहीत. तेवढ्यात पिल्लू ओरडायला लागलं. दोन तास झाले होते. तिनं बलक कुस्करला आणि बोट चोचीशी धरलं.

पेरीझात आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

"एकची गाडी मिळेल मला," ती म्हणाली.

"जेवून जा. पीठ मळलंय."

"नको, आपा."

"पेरीझात..."

"नको म्हटलं ना." तिनं पिशवी उचलली. इलॅस्टिकचं रीळ तिथेच राहिलं. दारापर्यंत जाऊन ती एकदा वळली आणि गेली.

तुर्दुबेक संध्याकाळी आला. मुलीसाठी रुमालात बांधून आणलेले बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, त्यानं ताटात काढले. "गेली एवढ्यात? भांडलात का?"

"नाही."

"मग?"

"काम होतं तिला," बुरुल म्हणाली आणि अंथरूण घालायला लागली. त्या आठवड्यात ती सांजावतानाच आडवी होत असे.

मंगळवारी पिल्लू उभं राहिलं. बुरुलनं इलॅस्टिक काढून त्याला नमद्यावर ठेवलं, बोटं बाजूला घेतली आणि मोजायला लागली. दहा झाले. वीस झाले. पिल्लानं पाय थोडे रुंद टाकले, शेपटीकडून डुगडुगलं, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला चोचीवर आपटलं आणि स्वतःच उठलं.

"चाललं!" तुर्दुबेकला तेवढं तरी दिसलं. "बुरुल, चाललं गं! बघितलंस?"

"बघितलं."

तो गल्लीत सांगत सुटला. पिठाच्या दुकानात सांगितलं, मशिदीच्या ओट्यावर सांगितलं: आमच्या म्हातारीनं लुळं पिल्लू चालतं केलं, डॉक्टर झक मारेल! बुरुलनं पिल्लाला बाकीच्यांत सोडलं. दोन दिवसांत ते दाण्यावर इतरांना चोची मारायला लागलं, आणि चार दिवसांनी कुठलं ते, हे तिलासुद्धा चालताना बघितल्याशिवाय सांगता येईना.

पुढच्या रविवारी पेरीझात आली नाही. फोनवर म्हणाली, कारखान्यात जादा काम आहे. आवाज साधाच होता. बुरुलनं रोजच्यासारखी कणीक मळली, सायीची वाटी काढून ठेवली, आणि राजधानीहून येणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबून पुढे गेल्याचा आवाज ऐकला.

त्याच दुपारी काकीश चपलांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन आली. जीभ मोकळी, पोट मोठं, मनात काही न ठेवणारी बाई; बुरुलला ती एजे, म्हणजे ताई, म्हणे. "बुरुल-एजे, तुझा नवरा म्हणतो तू पायाची डॉक्टरीण झालीस. हे बघ गं माझं."

बुरुलनं पिल्लू घेतलं. अंगठा घोट्यावर गेला. शीर खाचेतून बाहेर सरकली होती आणि खालचं हाड पिळून पाठीमागे वळलं होतं. हे दुखणं आठ दिवसांचं तरी जुनं होतं.

 तिनं पिल्लू उलटं करून पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदा अंगठा फिरवला, शीर आत बसते का ते दाबून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. बसत नव्हती.

"हे नाही व्हायचं, काकीश."

"नाही? बांधलं तरी?"

"बांधलं तरी. आधी आणायला हवं होतंस. कदाचित तेव्हाही नसतं झालं."

"मग तूच काय ते करून टाक," काकीश म्हणाली. "तुझा हात बसलेला आहे. माझ्यानं नाही होत, मला आपलं भडभडून येतं."

बुरुलनं पिल्लू खोक्यात ठेवलं आणि खोकं तिच्याकडे सरकवलं.

"मी नाही करणार."

"अगं बाई! कारखान्यात टोपल्याच्या टोपल्या संपवल्यास, आणि माझ्या ह्या एकासाठी एवढी मऊ झालीस?"

"ते माझं काम होतं. हे तुझं पिल्लू आहे. घरी ने. मारायचं तर तू मार, ठेवायचं तर दाणापाणी तोंडाशी दे. थोडे दिवस जगेल."

काकीश पुटपुटत गेली. दोन दिवस तिनं कुंपणावरून हाकही मारली नाही. तिसऱ्या दिवशी ताक मागायला आली, तेव्हा म्हणाली, "मेलं ते आपलं आपणच," आणि दोघींनी तो विषय काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बुरुलनं कणीक मळली नाही. उगाच कशाला, असं म्हणून ती वाफ्यात तण काढत बसली होती. फाटक वाजलं, तिनं मान वर केली नाही, काकीश असेल. मग पावलांचा आवाज आला, एक जड, एक हलकं.

"घरात खायला काही आहे का?" पेरीझात म्हणाली. "सकाळपासून चहावर आहे मी."

बुरुल उठायला लागली. पेरीझातनं बस म्हणून हात केला आणि स्वतःच वाफ्याच्या बांधावर, आखडत आखडत, उजवा पाय लांब करून बसली. थोडा वेळ दोघींनी तण उपटलं.

"मी एका डॉक्टरला विचारलं," पेरीझात म्हणाली. "आमच्या इथे दवाखाना आहे, तिथे. तीन महिन्यांवर आणलं असतं तर प्लास्टरसुद्धा लागलं नसतं म्हणाला. नुसता पट्टा बांधला असता."

"हं," बुरुल म्हणाली. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तुझ्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून. तिथल्या डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. बाहेरच्या बाकावर."

पेरीझातनं मातीचं ढेकूळ हातात चुरडलं. "मला खूप राग आलाय, आपा. तो गेलेला नाही. गेला म्हणून मी आलेय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"माझी धाकटी झाली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आलीस. अजून मला उठवतही नव्हतं. तू हातसुद्धा गरम केले नाहीस, तिचं दुपटं सोडलंस आणि तिच्या मांड्या फिरवून बघायला लागलीस. ती केवढी किंचाळली! मी तुझ्यावर ओरडले होते. मोठीच्या वेळीही तेच. तेव्हा मला वाटलं, बाई आहे की कसाई."

"हो."

"हे पंधरा दिवस मी तेच आठवत होते."  उजव्या मांडीवर तिनं मूठ दाबून धरली होती. गाडीत दोन तास बसलं की तिचा सांधा असा धरायचा.

"दुखतंय?" बुरुलनं विचारलं.

"रोजच दुखतंय. आज जास्त."

"आत चल. चरबी वितळवून चोळते."

लहानपणी मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून बुरुल तिच्या कमरेला चोळायची, तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरीनं ते बंद केलं होतं. वास येतो म्हणून, असं तेव्हा म्हणाली होती. आजही ती नको म्हणेल असं बुरुलला वाटलं.

"आधी खायला दे," पेरीझात म्हणाली.

आत चहा झाला, शिळा नान चुलीवर गरम केला, साय होती. तुर्दुबेक मुलीला बघून इतका खूश झाला की दोनदा तिला त्याच पिल्लाची गोष्ट सांगितली, तिनंही दोनदा ऐकून घेतली. मग तो पिल्लांना दाणे टाकायला बाहेर गेला. पेरीझात भिंतीकडे तोंड करून गादीवर आडवी झाली. बुरुल तिच्यामागे गुडघे टेकून बसली. बसताना तिचे दोन्ही गुडघे वाजले. तिनं कोमट चरबी तळव्यावर घेतली आणि कमरेच्या जुन्या व्रणावर हात ठेवला. हाताखाली तो सांधा होता, वेडावाकडा जुळलेला, वर्षानुवर्षं चुना दिलेल्या भिंतीसारखा कठीण. ती चोळायला लागली.

"हळू," पेरीझात म्हणाली.

"हळूच करतेय."

"अजून थोडं खाली."

बुरुलनं हात खाली नेला. तिचे खांदे भरून आले होते, आणि अजून गाईला पाणी पाजायचं होतं, कांद्यांना पाणी सोडायचं होतं. थोड्या वेळानं पेरीझातचा श्वास संथ झाला, झोप लागली असावी. बुरुल तरीही चोळत राहिली. चरबी थिजायला लागली तेव्हा तिनं वाटी पुन्हा चुलीच्या कडेवर सरकवली, हात गरम केले, आणि मग परत ठेवले.